शुभवर्तमानही बातमीसारखं तपासा

‘बायबल म्हणजे भाकडकथा’ आणि ‘त्यातला शब्द न् शब्द खरा’. नाताळ आला की दोन्ही पोस्टी फिरतात. मला दोन्ही पटत नाहीत.

लूक सांगतो, येशू जन्मला तेव्हा क्विरीनियची शिरगणती चालू होती. ती झाली इ.स. ६ च्या सुमारास. मत्तय म्हणतो, तेव्हा हेरोद राजा होता. तो बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ मध्येच वारला. झाला ना दहा वर्षांचा घोळ!

पण पिलाताच्या काळात येशूला मृत्युदंड झाला, हे ख्रिस्ती लोकांना नावं ठेवणारा रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहितो. पिलाताच्या नावाचा शिलालेखही १९६१ मध्ये कैसरियात सापडला.

एक तारीख चुकली म्हणून सगळं खोटं नाही, एक दगड सापडला म्हणून सगळं खरंही नाही. प्रत्येक विधानाचा पुरावा वेगळा मागायचा. हाच नियम आपापल्या पोथीला लावायची तयारी आहे का? बोला!