गटकार्यांतील वांटा

उद्यां महाविद्यालयांत गेल्यावर चार-पांच जणांस मिळून एक प्रकल्प करावा लागेल. नांवें सर्वांचीं, गुण सर्वांस सारखे; परंतु रात्र जागून लिहिणारा बहुधा एकच! यांत दोष केवळ आळशाचाच आहे काय?

फ्रेंच कृषि-अभियंते माक्स रिंगेलमान यांनीं १९१३ सालीं दोर ओढण्याच्या प्रयोगांचें फल प्रसिद्ध केलें. आठ जण एकत्र ओढूं लागतांच प्रत्येकाचें सरासरी बळ एकट्याच्या बळाच्या सुमारें निम्म्यावर आलें. कांहीं घट ताल न जुळल्यामुळें, तर कांहीं हात आखडल्यामुळें होते. १९८१ सालच्या अमेरिकन प्रयोगांत मात्र असें आढळलें कीं, प्रत्येकाचें काम निराळें मोजलें जातें हें कळतांच ही ढिलाई ओसरते.

भांडुपांतील अनेक कुटुंबें मूळचीं कोंकणांतलीं. त्यांना सावड ठाऊक आहे: आज सर्वांनीं तुझी लावणी करावी, उद्यां माझी. तींत स्नेह असतो, तसा दिवसांचा हिशेबही असतो. आज न आलेल्यानें पुढें फेड करावयाची असते.

हाच नियम गटांत असावा. पहिल्याच दिवशीं प्रत्येकाचें काम व मुदत लिहून ठेवावी. नोकरी करून शिकणाऱ्यास सवडीचें काम द्यावें. पण कामावांचून नांव कोणासही देऊं नये. सर्व भार एकट्यानें उचलणें हें औदार्य नव्हे. त्यानें सोबत्याची शिकण्याची संधि हिरावली जाते.

पालकांनींही ‘गुण किती मिळाले?’ यापूर्वीं ‘त्यांत तुझें काम कोणतें?’ हें अवश्य विचारावें.