चैत्राची चित्रा

आज चैत्री पौर्णिमा. हिंजवडीहून वाकडकडे म्हातोबाचे बगाड निघेल. ही तिथी पंचांगात आली ती आकाशातून. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून हा मास चैत्र. सप्तर्षींतील अंगिरस, वसिष्ठ, मरीची यांची वक्र रेषा पुढे वाढविली की तांबूस स्वाती लागते. तीच रेषा आणखी नेली की निळसर शुभ्र चित्रा. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे २५० वर्षांपूर्वी, म्हणजे ऐन पेशवाईत, निघालेला आहे!

परंतु हिंजवडीच्या संगणक-उद्योगांचे दिवे रात्रभर आकाश उजळतात. चित्रा ठळक, म्हणून तगली. कृत्तिकांचा पुंजका मात्र पुसट झाला. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या मंडळींनाही आकाशदर्शनासाठी शहराबाहेर दूर जावे लागते. दिव्यांवर झाकण बसवून उजेड खाली वळविणे मुळीच अवघड नाही. उद्योगसंस्थांनी ते करावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पौर्णिमेच्या चांदण्यात बारीक तारे लोपतातच. चार-पाच दिवसांनी चंद्र उशिरा उगवू लागला, की वाचकांनी रात्री नऊच्या सुमारास मुलांना घेऊन गच्चीवर जावे व पूर्वेस पाहावे.