‘जयभीम’ म्हणणारा डीलर आणि आपला कोरा कागद

मागच्या काचेवर ‘जयभीम’ लिहिले म्हणून गाडीचे इंजिन चांगले होत नाही. डीलरच्या टेबलामागे बाबासाहेबांची तसबीर आहे म्हणून त्याचा व्यवहार सरळ ठरत नाही. हे वाक्य काही मंडळींना झोंबेल. झोंबू द्या. ज्यांचे पैसे बुडाले त्यांना ते आधीच झोंबलेले आहे, आणि त्यांच्यात मीही आहे.

तालुक्यातल्या वस्त्यांवर फिरण्यासाठी, अभ्यासवर्गाची पुस्तके नेण्यासाठी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्यासाठी आपली एक गाडी असावी, असे आम्हा पाच कार्यकर्त्यांना वाटत होते. दीड वर्ष पैसे साठवले. दोन लाख चाळीस हजारांत एक सात सीटर जुनी गाडी मिळाली. हायवेवरच्या गाळ्यात बसलेल्या डीलरने उठून ‘जयभीम’ केला, चहा पाजला, समाजाच्या प्रगतीवर अर्धा तास बोलला. आरसीवर तिसऱ्याच माणसाचे नाव होते. “महिन्याभरात नाव चढवून देतो, आपल्याच माणसावर विश्वास नाही का?” असे तो म्हणाला. आम्ही पैसे रोख मोजले. पावती म्हणून एक चिठ्ठी मिळाली. तिच्यावर छापले होते, गाडी पाहून समाधानाने घेतली, नंतर तक्रार चालणार नाही. आम्ही तिच्यावर सह्या केल्या. पाचही जण पदवीधर!

दहा महिन्यांनी पेट्रोल पंपावर वसुलीवाले आले आणि गाडी घेऊन गेले. पहिल्या मालकाचे कर्ज फिटलेले नव्हते, आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच होता. डीलर म्हणाला, “मी तर फक्त मध्यस्थ.”

खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. आम्ही तक्रार करायची ठरवली तेव्हा समाजातलेच दोन ज्येष्ठ घरी आले. “आपल्याच माणसाला कोर्टात खेचता? बाहेरचे हसतील. मिटवून टाका.” मला आजही राग येतो तो डीलरपेक्षा या वाक्याचा. दहा महिने आमच्या पाच घरांची बचत रस्त्यावर फिरत होती तेव्हा समाजाची बदनामी झाली नाही, आणि आम्ही हिशोब मागितला की लगेच झाली? बंधुता म्हणजे फसवणाऱ्याला पाठीशी घालणे नव्हे. लुबाडले गेलेले पाच जण समाज नाहीत आणि लुबाडणारा एकटा समाज आहे, हे गणित कुठल्या वहीतले?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. आपण ते भाषण दरवर्षी वाचतो आणि ते फक्त दिल्लीतल्या नेत्यांना लागू आहे असे समजतो. प्रश्न न विचारता माणसावर सगळे सोपवणे ही भक्तीच आहे, मग समोर नेता असो की गाडीचा दलाल. बाबासाहेबांनी आपले हक्क कुणाच्या सज्जनपणावर सोडले नाहीत. ते कलमांत लिहून घेतले. त्यांचे अनुयायी म्हणवणारे आपण अडीच लाखांचा व्यवहार तोंडी करतो!

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा असतो. गाडी ही चैन, मध्यमवर्गाचे चोचले, चळवळीचा काय संबंध? त्यांनी चाळीसगाव आठवावे. १९२९ साली बाबासाहेब तिथे उतरले तेव्हा अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एकाला पुढे बसवले. पुलावर बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. वाहन कुणाच्या हातात आहे यावर माणसाची प्रतिष्ठा कशी ठरते, हे आपल्या इतिहासाला कुणी शिकवायला नको. पहिल्या पिढीतला नोकरदार पोरगा आईला स्वतःच्या गाडीतून दीक्षाभूमीला नेतो, ती चैन नाही. पण चाळीसगावचा दुसरा धडाही घ्या. आपला माणूस लगाम धरून बसला तरी त्याला हाकता येते का, हे बघावेच लागते.

तिसरा आक्षेप शहाण्यांचा असतो: अडाणी माणसेच फसतात. चूक. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन हे उलगडून दाखवले. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांचा भाव पाडून मागतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकत नाही, आणि बाजारात खराब माल वाढत जातो. म्हणजे इथे फसवणूक बुद्धीच्या कमतरतेतून येत नाही, माहिती एकाच बाजूला साठल्यामुळे येते. माहिती एका बाजूला साठवून दुसऱ्या बाजूवर राज्य करण्याचा धंदा या देशात किती जुना आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला हवे का? त्यावर आपले उत्तर ठरलेले आहे. माहिती हस्तगत करायची.

ही माहिती कुलूपबंदही नाही. गाडीचा नंबर घेऊन परिवहन खात्याच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर बघितले तर कितवा मालक, विमा कधीपर्यंत, फायनान्सचा बोजा आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळते. ई-चलनही तपासता येते. आम्ही ती दोन मिनिटे दिली नाहीत. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नये. नाव चढवायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते, कारण तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. पण तिला एनओसी, इथली नवी नोंदणी आणि इथला रोड टॅक्स लागतो. तो खर्च धरून भाव करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. त्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली तर ती गाडी पुरात बुडून आलेली आहे, वरचे पॉलिश कितीही चकचकीत असो.

डीलर म्हणतो, बिल मागाल तर पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी पडेल. ही थाप आहे. नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर जीएसटी लागतो तो त्याच्या नफ्याच्या फरकावर. बिल टाळण्यात फायदा त्याचा आणि पुरावा नसण्याचा तोटा तुमचा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचे अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद ऑनलाइन करावी लागते. ते प्रमाणपत्र मागा. जो ते दाखवत नाही, त्याच्या भिंतीवर कुणाचीही तसबीर असो, तिथून उठा.

विकतानाही हेच. आपली पोरे नवी गाडी घेताना जुनी बाइक डीलरला देतात आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळी होतात. ती मोकळी झालेली नसतात! नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी मधे चार हातांतून गेली आणि अपघात झाला, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या माणसावर येते. ज्या समाजाने हजारो वर्षे दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहिले, त्याने आता कोऱ्या कागदावर सही करून ते पुन्हा का घ्यावे?

आमचे पुढे काय झाले? त्या ज्येष्ठांचे न ऐकता आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण पैसे रोख दिलेले आणि हाती ती एक चिठ्ठी. शेवटी तडजोडीत ९० हजार परत आले. दीड लाख गेले ते आमच्या भोळेपणाची फी म्हणून गेले. हे लिहायला लाज वाटते, पण आम्ही गप्प बसलो तर पुढचे पाच जण त्याच गाळ्यात त्याच खुर्च्यांवर बसतील.

म्हणून आमच्या अभ्यासवर्गाने आता एक नियम केला आहे. कुणीही जुनी गाडी घेणार असेल तर टोकन देण्याआधी कागद वर्गात आणायचे, दोघांनी तपासायचे, पैसे बँकेतूनच द्यायचे. विकणारा आपला असेल तर तपासणी दुप्पट कडक, कारण तिथेच आपले डोळे मिटतात. प्रामाणिक डीलर आपल्यातही आहेत. कागद मागितल्याचा त्यांना राग येत नाही, उलट त्यांचा धंदा वाढतो.

तुमच्या विहारात, वसतिगृहात, मंडळात हा नियम करा. ‘जयभीम’ला प्रेमाने ‘जयभीम’ म्हणा, चहाही घ्या. आणि मग विचारा, दादा, एनओसी कुठे आहे?

जयभीम!