त्यांचं ते फ्युजन, आमची ती भेसळ

युरोपातले काही बँड हल्ली कुंबिया वाजवतात. हा मूळचा कोलंबियाच्या किनाऱ्यावरचा ठेका. त्यात ते आफ्रिकेतल्या गिटारची ढब मिसळतात, कॉम्प्युटरवर तयार केलेले आवाज मिसळतात आणि मोठमोठे महोत्सव गाजवतात. आपल्याकडचे जाणकार ते ऐकून म्हणतात, वा, काय फ्युजन आहे! म्हणोत. त्या वादकांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते युरोपातून आलेल्या मिश्रणाला कला आणि कल्याणच्या मिश्रणाला कलकलाट म्हणणाऱ्या कानांशी.

कुंबिया मुळात शुद्ध कधी नव्हतीच. लांब बासऱ्या तिथल्या आदिवासींच्या, ढोल गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे, गाण्याची भाषा राज्य करणाऱ्या स्पॅनिशांची. पुढे अकॉर्डियन आला तो युरोपातून. पिढ्यानपिढ्या तिथल्या प्रतिष्ठितांनी या गाण्याला गावंढळ, काळ्यांचं म्हणून हिणवलं. 1940 च्या दशकात लुचो बेर्मुदेससारख्यांच्या कोट-टायवाल्या ऑर्केस्ट्रांनी ते क्लबांत नेलं, तेव्हा तेच प्रतिष्ठित त्यावर नाचू लागले. म्हणजे गाणं तेच राहिलं, वाजवणाऱ्याचे कपडे तेवढे बदलले.

आता आपल्या जिल्ह्यात या. उरुसाला बसणारी कव्वाली पार्टी बघा. समोर हार्मोनियम, म्हणजे 1842 साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेल्या वाद्याचा वंशज. शेजारी बुलबुलतरंग, ज्याला आपण सरळ 'बेंजो' म्हणतो. तो जपानच्या ताइशोगोतोचा भाऊ आणि ताइशोगोतो जन्मला 1912 च्या सुमारास, नागोयात. ढोलक इथलाच. शब्द उर्दू, मध्येच फारसी शेर, मध्येच मराठी टोमणा, आणि समोरच्या गर्दीत अर्धे लोक हिंदू. चार खंडांचं नसेल, पण दोन खंडांचं संगीत एका सतरंजीवर बसलेलं असतं. याला कुणी फ्युजन म्हटल्याचं ऐकलंय?

प्रल्हाद शिंदे यांचंच बघा. 'अल हिलाल' (1958) चित्रपटातल्या कव्वालीने देशभर पोचलेल्या इस्माईल आझाद यांच्या पार्टीत ते कोरस गायचे. मुसलमान कव्वालाच्या मागे टाळी धरून तयार झालेला हा दलित घरातला गळा. त्याच गळ्याने पुढे भीमगीतं गायली, कव्वाली गायली आणि विठ्ठलाची अशी गाणी गायली की आजही आषाढीला त्यांच्या आवाजाशिवाय गावाला वारी आल्यासारखी वाटत नाही. दर्गा, जयंतीचा मंडप आणि पंढरीची वाट अशा तीन ठिकाणी एकच आवाज पोचला. 2004 साली ते गेले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, पण संगीतावरच्या जाड पुस्तकांत त्यांच्या वाट्याला किती पानं आली? त्यांचं गाणं 'कॅसेटवरचं', 'लाउडस्पीकरवरचं' ठरलं. कव्वालीच्या टाळीवर बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोचवणाऱ्या कलावंतांची फळी आपल्याकडे होती, आणि तिची नीट नोंदसुद्धा आपण ठेवली नाही.

शुद्धतेचं हे वेड सरकारी गादीवरही बसलेलं होतं. आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं हार्मोनियमला दार बंद ठेवलं. 1952 ते 1962 नभोवाणी खातं सांभाळणाऱ्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात सिनेमाची गाणी रेडिओवरून हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. कान हुकमाने वळत नाहीत, एवढा धडा त्यातून घ्यायला हवा होता.

आणि आता थोडं आपल्या घरातलं. आपल्यातलेही काही जण हल्ली सांगतात, कव्वाली बंद करा, उरूस बंद करा, हे सगळं बाहेरून घुसलेलं आहे. ज्याला ऐकणं नाजायज वाटतं त्याने ऐकू नये, तो त्याचा हक्क. समा ऐकावा की नाही, यावर आपल्या बुजुर्गांमध्ये शतकानुशतकं वाद झाले. पण चिश्ती खानकाहांमध्ये गाणं चालूच राहिलं आणि त्याच गाण्याने इथल्या माणसाला दर्ग्याच्या उंबऱ्यापर्यंत आणलं. कव्वालाला उठवून लावणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'तुमच्या संस्कृतीत आमचं काही नको आणि आमच्यात तुमचं' असं म्हणणाऱ्या समोरच्या टोळीचं काम तो फुकटात करून देतोय.

ती टोळी काय करते, हे कल्याणकरांना सांगायला नको. मलंगगडावर हाजी मलंग बाबांचा दर्गा आहे. उरूस भरतो माघ पौर्णिमेला, म्हणजे हिंदू पंचांगाच्या तिथीला. वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे. 1954 साली सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की ही संस्था निव्वळ हिंदू किंवा निव्वळ मुस्लिम कायद्याच्या चौकटीत बसत नाही, तिला तिच्या स्वतःच्या रूढी आहेत. तरी 1980 च्या दशकापासून तिथे 'मुक्ती'ची भाषा चालू आहे. कुणापासून मुक्ती? केतकरांपासून? कव्वालीला बसलेल्या मराठी माणसापासून? जिथे गर्दीच मिसळलेली आहे तिथे एकाला मुक्त करायचं म्हणजे दुसऱ्याला हाकलायचं, दुसरा अर्थ निघत नाही.

म्हणून युरोपच्या बँडला जरूर टाळ्या वाजवा. पण टाळी वाजवणारा हात प्रामाणिक असू द्या. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात कव्वाली पार्टीला नावानिशी, ठरलेल्या मानधनाने बोलवावं, शेवटच्या अर्ध्या तासाची 'रंगत' म्हणून नव्हे. विद्यापीठांनी म्हाताऱ्या कव्वालांचं आणि जयंतीच्या गायकांचं गाणं ध्वनिमुद्रित करावं. आणि आपण मुसलमानांनी 'हे आपलं आहे का' या प्रश्नाला घाबरणं सोडावं. आपलं आहे. त्यांचंही आहे. पॅरिसची पेटी आणि नागोयाचा बेंजो ज्या सतरंजीवर शेजारी शेजारी बसतात, तिथे शेजाऱ्याला जागा नाही म्हणणारा माणूसच खरा परका आहे.