'नायकन' : मारामारीचा हिशेब ठेवणारा पिक्चर

सध्या साउथच्या पिक्चरची जाम चलती आहे. 'केजीएफ' झाला, 'पुष्पा' झाला, 'विक्रम' झाला. हिरो एका फटक्यात वीस जण आडवे करतो, मागे म्युझिक वाजतं आणि आपण शिट्ट्या मारतो. पण आडवे झालेले ते वीस जण कोण होते? त्यांच्या घरी कोण वाट बघत होतं? हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण पिक्चरलाच तो पडलेला नसतो.

हा प्रश्न पडलेला एक तमिळ गँगस्टरपट १९८७ सालीच येऊन गेलाय, आणि तोही आपल्या मुंबईवर. मणिरत्नमचा 'नायकन'. 'रोजा', 'बॉम्बे'वाला मणिरत्नम मुंबईच्या जमनालाल बजाजमधून एमबीए झालेला. त्यामुळे वरदराजन मुदलियार हे नाव त्याने मद्रासमध्ये बसून पेपरात वाचलेलं नव्हतं. व्ही. टी. स्टेशनवर हमाली करणारा हा माणूस पुढे हातभट्टी आणि स्मगलिंगच्या जोरावर धारावी-माटुंगा भागातल्या तमिळ लोकांचा 'वरदाभाई' झाला. त्याच्यावरूनच कमल हासनचा वेलू नायकर उभा राहिला.

गोष्ट थोडक्यात अशी. तुतिकोरिनच्या वेलूच्या बापाला पोलीस गोळी घालतात. पोरगं पोलिसाला भोसकून मुंबईला पळतं. धारावीत हुसेनभाई त्याला पोटच्या पोरासारखं वाढवतो. त्या हुसेनभाईला इन्स्पेक्टर केळकर लॉकअपमध्ये मारून टाकतो आणि वेलू भर वस्तीत केळकरचा जीव घेतो. इथपर्यंत आपल्या नेहमीच्या पिक्चरसारखंच. दुसरा कोणी असता तर इथे टाळ्या वाजवून पुढे गेला असता. मणिरत्नम मात्र थांबतो. केळकरच्या मागे बायको आणि एक मतिमंद मुलगा आहे, हे वेलूला कळतं. तो त्या घराला आयुष्यभर सांभाळतो. आणि शेवटी कोर्टातून निर्दोष सुटून बाहेर आलेल्या वेलूला गोळी घालतो, तो हाच केळकरचा पोरगा!

माझ्या मते पिक्चरची खरी ताकद इथे आहे. यात प्रत्येक खुनाचा हिशेब आहे. वेलूची बायको नीला त्याच्या दुश्मनांच्या हातून जाते, मुलगा सूर्या बापाच्याच धंद्यात मरतो. पोरगी चारुमती बापाला तोंडावर जाब विचारते, घर सोडते आणि लग्न करते ते पोलीस अधिकारी पाटीलशी, म्हणजे बापाला पकडायला निघालेल्या माणसाशी. शेवटी छोटा नातू आजोबाला विचारतो की तू चांगला की वाईट? आणि सगळी धारावी ज्याच्या पाया पडते त्या माणसाकडे उत्तर नसतं. आजच्या कुठल्या हिरोची 'माहीत नाही' म्हणायची हिंमत आहे सांगा!

बाकीची बाजूही भक्कम. धारावीचा बराच भाग तोटा तरणीने मद्रासमध्ये सेट लावून उभा केला, पण बघताना कळतसुद्धा नाही. कमल हासन, कॅमेरामन पी. सी. श्रीराम आणि तरणी, तिघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. इळैयाराजाचं संगीत तर आहेच. 'टाइम' मासिकाने २००५ साली निवडलेल्या शंभर सर्वोत्तम चित्रपटांतही 'नायकन' होता. भाषेचं म्हणाल, तर सबटायटल्स आहेत. शिवाय आपल्या वळसंग-अक्कलकोट पट्ट्यात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. ज्याला 'ओंदु, एरडु, मूरु' येतं त्याच्या कानाला तमिळ अगदीच परकी वाटत नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे यावर 'गॉडफादर'ची दाट सावली आहे. दुसरी, बोटीवरचं नाचगाणं उगाच घुसडलेलं वाटतं. तिसरी, या मुंबईत मराठी माणूस दिसतो तो मुख्यतः खाकी वर्दीत! एक केळकर वाईट, एक पाटील चांगला, संपलं. खऱ्या धारावीत तमिळांच्या शेजारी मराठी माणूस राहतो, गुजराती कुंभारांचा कुंभारवाडा आहे. ते सगळे कुठे गेले?

पण सगळ्यात मोठी खोट वेगळीच आहे. पिक्चरने भर दिलाय स्मगलिंगवर. बंदरातून माल उतरला, सरकारचा टॅक्स बुडाला, बघणाऱ्याला वाटतं यात गरिबाचं काय गेलं? पण खरा वरदाभाई मोठा झाला तो हातभट्टीवर. हातभट्टीने कुणाचं काय जातं हे आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या बाईला विचारा, ती रडून सांगेल. ज्या गरिबांचा हा मसीहा, त्यांच्याच घरातला पगार त्या दारूत जात होता. केळकरच्या बायकोचं दुःख दाखवणाऱ्या मणिरत्नमने हे दुःख मात्र हिशेबात धरलं नाही. खुनांचा हिशेब चोख, पण धंद्याचा हिशेब अर्धवट!

खऱ्या माणसाचा शेवटही पिक्चरसारखा झाला नाही. पोलीस अधिकारी वाय. सी. पवारांनी पिच्छा पुरवल्यावर वरदराजन मुंबई सोडून मद्रासला गेला आणि पिक्चर लागल्यावर दोन-अडीच महिन्यांत, जानेवारी १९८८ मध्ये, आजारपणात गेला. ना गोळी, ना कोर्टाच्या पायऱ्या. त्याच वर्षी फिरोज खानने विनोद खन्नाला घेऊन हिंदीत 'दयावान' काढला. गोष्ट तीच, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यातलं माधुरीचं गाणं. यातच सगळं आलं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडे वाढदिवसाला तलवारीने केक कापणारे 'भाई' वाढलेत. चौकाचौकात डिजिटल बोर्ड आणि मोबाइलवर गँगस्टरचे स्टेटस. त्यात आपल्या वर्गातले, उद्याचे इंजिनिअरही आहेत. पिक्चर बघून कोणी लगेच गुंड होतो असं मी म्हणत नाही. पण रोज रोज बिनहिशेबाची मारामारी बघितली की मार खाणारा माणूस दिसेनासा होतो, एवढं मात्र नक्की.

तेव्हा परीक्षा संपली की एकदा 'नायकन' बघाच. वेलूसाठी डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. फक्त केळकरच्या पोराला विसरू नका.