फेलोशिपच्या अर्जात काय लिहायचं?

स्कॉलरशिप आपल्या घरांना नवी नाही. मुलं दहावी-बारावीला गेली की आपण फॉर्म भरायला लागतो. पण वकील झालेल्या मुलामुलींसाठीही फेलोशिप असते, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. स्कॉलरशिप शिकण्यासाठी, फेलोशिप काम करण्यासाठी. वर्ष-दोन वर्षं दरमहा मानधन मिळतं आणि तेवढ्या काळात ठरलेलं काम करायचं. मानवी हक्कांच्या फेलोशिपमध्ये हे काम बहुधा ज्यांना वकील परवडत नाही अशा माणसांचं असतं.

आपल्या जवळचं उदाहरण येरवड्याचं आहे. येरवडा आणि नागपूर इथल्या मध्यवर्ती कारागृहांत 2019 पासून ‘फेअर ट्रायल’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट 39ए’ या गटाने तो सुरू केला. हे नाव घटनेच्या कलमावरून आलेलं आहे. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने घटनेत आलेलं कलम 39अ सांगतं की पैशांअभावी कुणी न्यायाला मुकू नये. या कार्यक्रमातले तरुण वकील आणि समाजकार्य शिकलेले फेलो कच्च्या कैद्यांना भेटतात, त्यांच्या घरच्यांना शोधतात, कागद गोळा करतात, जामिनासाठी धडपडतात. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. चारांतले तीन!

आता अर्जाकडे येते. आंबवड्याची माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या भोरच्या कोर्टात एका वकीलसाहेबांकडे ज्युनिअर आहे. अशाच एका फेलोशिपचा अर्ज तिने मला वाचायला पाठवला. मला कायद्यातलं फारसं कळत नाही, पण निबंध तपासण्यात वीस वर्षं गेली आहेत आणि अर्ज म्हणजे शेवटी निबंधच. पहिलं वाक्य होतं, ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.’ मी तिला फोन केला. म्हटलं, “बेटा, हे वाक्य माझ्या सातवीच्या वर्गात चाळीस मुलं लिहितात. कोर्टात तू काय पाहिलंस ते सांग.”

मग तिने सांगितलं. एका मजुराला जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळेना. भाऊ आला तो दुसऱ्या जिल्ह्यातून. त्याचा सातबारा तिकडचा, ऐपतीचा दाखला तिकडच्या तहसीलदाराचा. या धावपळीत तो माणूस दोन महिने आतच राहिला. ही मुलगी एसटीने तहसील कचेरीच्या फेऱ्या मारत होती. मी विचारलं, “हे अर्जात का नाही?” तर म्हणाली, “आपा, हे तर रोजचंच आहे.”

तेच तर लिहायचं असतं. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं होतं. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून मॅजिस्ट्रेटने तो नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. इतक्या वर्षांनी भोर तालुक्यातल्या मुलीला तेच दिसत असेल, तर तिच्याकडे अर्जाचा विषय आहे, पुरावा आहे आणि कायदाही आहे. वर 31 जानेवारी 2023 चे सुप्रीम कोर्टाचे निर्देश आहेत. जामीन मिळूनही महिनाभरात पूर्तता झाली नाही, तर अटी सैल करता येतील का हे कोर्टाने पाहावं, असं त्यांत म्हटलं आहे. निवड करणाऱ्यांना हेच हवं असतं. काय पाहिलं, ते का घडतं आणि वर्षभरात त्यातलं नेमकं काय करणार? ‘अन्याय दूर करीन’ असं लिहू नये. ‘जामीन मिळूनही आत असलेल्यांची यादी दर महिन्याला घेऊन त्यांचे अर्ज करीन’ असं लिहावं.

तिच्या अम्मींचा प्रश्न वेगळा होता. मुलगी जेलमध्ये जाणार, लोक काय म्हणतील, रिश्ते कसे येतील? ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पण 1979 च्या ज्या खटल्याने हजारो कच्च्या कैद्यांना मोकळं केलं, त्याला हुसैनारा खातून या बिहारमधल्या कैदी महिलेचं नाव आहे आणि तो लढणाऱ्या वकीलही एक बाईच, कपिला हिंगोरानी. सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती फातिमा बीवी पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सदस्य झाल्या. त्याही आपल्यासारख्याच घरातल्या. तुरुंगातल्या बायकांना मनातलं बोलायला वकील बाईच बरी वाटते, हेही अम्मींना सांगितलं. नानी मात्र आधीच राजी होत्या. म्हणाल्या, “यूसुफ अलैहिस्सलामही बेकसूर कैदेत होते.”

अब्बूंचा प्रश्न पैशांचा, आणि तो रास्तच आहे. ज्युनिअर वकिलाला शहरात किमान 20 हजार आणि गावात 15 हजार द्यावेत, अशी सूचना बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये केली. ती सूचनाच आहे, सक्ती नाही. भोरसारख्या ठिकाणी किती ज्युनिअरांच्या हाती एवढे पडतात, हे वकिलांच्या घरात विचारून पाहा. ज्याच्या बापाचं ऑफिस आहे तो ज्युनिअरशिपची वर्षं काढू शकतो. बाकीच्यांसाठी फेलोशिपचं मानधन हाच आधार असतो.

काही बारीक गोष्टी. शिफारसपत्र मोठ्या नावाच्या साहेबांकडून आणण्यापेक्षा ज्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून घ्या आणि निदान तीन आठवडे आधी मागा. अर्ज इंग्रजीत द्यायचा असला तरी पहिला खर्डा मराठीत किंवा उर्दूत लिहा, विचार तिथेच सरळ होतो. मराठी, उर्दू, हिंदी बोलता येतं हे शेवटच्या ओळीत दडवू नका. कैद्याच्या आईशी बोलायला तेच लागतं. अर्जासाठी कुणी फी मागितली तर आधी त्या संस्थेची नीट चौकशी करा. आणि एक प्रश्न लेखी विचारून घ्या, हे मानधन आहे की पूर्णवेळ पगार? बार कौन्सिलच्या नियम 49 नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. फेलोशिपच्या काळात सनद चालू राहणार की स्थगित ठेवावी लागणार, हे सही करण्यापूर्वीच कळलं पाहिजे.