फोटो कुत्र्याचा, तयारी कोणाची?

सुट्टी लागली की घरचा मोबाइल हाती येतो आणि घरच्या कुत्र्याचे फोटो काढण्याची हौस उफाळून येते. कुत्र्याची ‘तयारी’ म्हणजे आंघोळ, पावडर, गळ्यात रिबन आणि कधी चक्क सदरा व गॉगल, असा आपला समज. ही तयारी कुत्र्यासाठी नसतेच, ती आपल्या हौसेसाठी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही चूक मी स्वतःही केली आहे. एका एप्रिल महिन्यात शेजारच्या काकूंच्या मोत्याला घेऊन आम्ही पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेलो. मोत्या काळा कुळकुळीत. त्याला आमच्याच शाम्पूने न्हाऊ घातले, लाल रुमाल बांधला. निघेपर्यंत अकरा वाजले. टेकडीवरचा काळा कातळ चांगलाच तापला होता. मोत्या एक पाय उचलून उभा राहिला, आणि आम्हांला वाटले, काय ऐट आहे! तोच फोटो सर्वांना आवडला. घरी आल्यावर तो तळवे चाटत बसला, तेव्हा कळले की कातडी सोलून निघाली आहे. पुढे चार दिवस तो लंगडत होता.

आपल्याला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना, आणि तो अगदी थोडा. त्याची खरी भिस्त धापा टाकण्यावर. जिभेवरचा व श्वासमार्गातला ओलावा वाफ होऊन उष्णता घेऊन जातो. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस असते. उन्हात ते फार चढले तर जिवावर बेतते. त्यातून अंगात सदरा! म्हणून आधी आपल्या हाताची पालथी बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका सोसत नसेल, तर परत फिरावे.

लाल रुमालही व्यर्थच गेला. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो. लाल व हिरवा यांत त्याला आपल्यासारखा फरक दिसत नाही. हिरवळीवर खेळवायचे तर चेंडू निळा घ्यावा. शाम्पूचेही तसेच. आपली त्वचा कुत्र्याच्या त्वचेपेक्षा अधिक आम्लधर्मी असते. आपला शाम्पू त्याला मानवत नाही, अंग कोरडे पडून खाज सुटते.

खरी तयारी आठवडाभर आधी घरात करावी. कुत्र्यांच्या जगात डोळ्याला डोळा भिडवणे ही धमकी असते, आणि आपण तर भिंग रोखून त्याच्या अंगावरच जातो! झोप आलेली नसताना जांभई, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे या अस्वस्थतेच्या खुणा आहेत. आपण मात्र जांभईच्या फोटोला ‘गमतीदार’ म्हणतो. रोज कॅमेऱ्याचा ‘टक्’ आवाज ऐकवावा आणि लगेच पोळीचा तुकडा द्यावा. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम महत्त्वाचा. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून हेच दाखवले. (घंटेची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्यांनी तालमापकाचे ठोकेही वापरले होते.) खाऊ म्हणून चॉकलेट किंवा बेदाणे मात्र मुळीच देऊ नयेत. कुत्र्याला ते विषारी आहेत.

वेळ सकाळची असावी. जमीन गार असते आणि प्रकाशही मऊ. काळ्या कुत्र्याचा फोटो घेताना कॅमेरा फसतो आणि त्याला करडा करून टाकतो, म्हणून उजेड थोडा कमी करावा. फ्लॅश नकोच. कुत्र्याच्या डोळ्यात मागे परावर्तक थर असतो, त्यामुळे डोळे भुतासारखे चमकतात. जमिनीवर बसून, थोडे बाजूने फोटो घ्यावा. पट्टा दुसऱ्याच्या हाती असावा आणि पाणी जवळ.

शाळांच्या छायाचित्र स्पर्धांत कपडे चढवलेल्या कुत्र्यांच्या फोटोंना बक्षीस देणे बंद करावे, असे मला वाटते. कोणी म्हणेल, एवढ्याशा हौसेवर कशाला बोट ठेवता? त्यांनी मोत्याचे तळवे पाहिले नव्हते.

डिसेंबरमध्ये आम्ही त्याला पुन्हा टेकडीवर नेले, सकाळी सातला, रुमालाशिवाय. एक कान उभा, एक पडलेला, नाक मातीने माखलेले, असा फोटो मिळाला. काकूंच्या भिंतीवर मात्र अजून तो जुनाच आहे, आणि पाहुणे त्या उचललेल्या पायाचे कौतुक करतात.